स्टॉकहोम, मिलो आणि आज्जी

2022 च्या जूनमधला तो आठवडा मोठा गडबडीचा गेला. 1972 च्या जागतिक पर्यावरण परिषदेला पन्नास वर्षं झाली म्हणून 2 आणि 3 जूनला इथे स्टॉकहोमला पुन्हा परिषद भरली. ऑफिस सुटलं की त्यानिमित्तच्या व्याख्यानांना जाऊन बसायचो. (कॉफी फुकट होती, हेही खरं!)

1972 ला यजमान ओलोफ पाल्मे सोडले तर सरकारच्या प्रमुख म्हणून आलेल्या एकट्या इंदिरा गांधी. गरिबीचा प्रश्न बाजूला ठेवून पर्यावरण वाचणार नाही, हे त्यांनी 14 जूनच्या भाषणात ठणकावून सांगितलं.

आणि त्याच वर्षी आमच्या अहमदपूरकडे? बहात्तरचा दुष्काळ! आज्जी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा, पोरांना सुकडी. या कामांमधूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली, 1977 ला तिचा कायदा झाला. व्याख्यानांत हे कुणाच्या तोंडून ऐकलं नाही बुवा.

रविवारी, 5 जूनला, बोटीनं वॅक्सहोमला निघालो आणि आज्जीला फोन लावला. "तवा खायला नव्हतं, पर हिरीत पाणी व्हतं," ती म्हणाली. खरंच की. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

"समुद्राचं पाणी लई खारं हाय का रं?"

बाल्टिकमध्ये नद्यांचं पाणी भरपूर येतं. उतरल्यावर धक्क्यावर बोट बुडवून चाखलं. "थोडंसंच, आज्जी."

"मग म्हशी पितील की!"