पडद्यावरची मोरी

मालवणच्या बाजारात मोरी मिळते. मुंबईकडे तिलाच मुशी म्हणतात. अंग पॉलिशपेपरसारखं खरखरीत, म्हणून आधी गरम पाण्यातून काढून कातडी सोलायची, मग वाटपात शिजवायची. शार्कची कोकणातली जुनी ओळख ही अशी, ताटातली. तिच्या नावाने दचकायला आपण शिकलो ते समुद्रावर नाही, थिएटरात.

तसं पाहिलं तर पाण्याखालच्या सिनेमाचा श्रीगणेशाच शार्कच्या रक्ताने झाला. जॉन अर्नेस्ट विल्यमसन हा अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला, वर्तमानपत्रात काम करणारा तरुण. त्याच्या दर्यावर्दी वडिलांनी बुडालेल्या जहाजांच्या कामासाठी लोखंडी कड्यांची एक जाड नळी तयार केली होती. बोटीखाली सोडायची, लाटांबरोबर वाकेल अशी, आतून माणूस उतरू शकेल एवढी रुंद. मुलाने तिच्या टोकाला जाड काचेची खिडकी असलेली खोली जोडली आणि त्या खोलीत कॅमेरा नेऊन ठेवला. १९१४ साली हे सगळं लटांबर घेऊन तो बहामा बेटांवर गेला. तिथलं पाणी नितळ, तळाशी पांढरी वाळू, आणि ऊन थेट खालपर्यंत पोचणारं.

पैसे लावणाऱ्यांना त्याने माणूस आणि शार्क यांची झुंज दाखवायचा शब्द दिला होता. शार्क यावेत म्हणून मेलेला घोडा पाण्यात सोडला. शार्क आले. स्थानिक पाणबुडे सुरे घेऊन उतरलेही, पण नेमकी झुंज काही चौकटीत सापडेना. अखेर विल्यमसन स्वतःच सुरा घेऊन पाण्यात शिरला आणि खिडकीसमोर त्याने शार्क मारला. आपल्याकडे फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. दोन वर्षांनी, १९१६ मध्ये, ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरच्या चित्रपटासाठी विल्यमसनने पुन्हा तीच खोली वापरली. या वेळी राक्षसी ऑक्टोपस मात्र त्याने खोटाच बनवून घेतला. शार्कपेक्षा तो निश्चितच जास्त शहाण्यासारखा वागला असणार.

नळीतल्या कॅमेऱ्याला पोहता येत नव्हतं. ते जमलं दुसऱ्या महायुद्धात. पेट्रोलच्या टंचाईमुळे फ्रान्समध्ये गाड्या गॅसवर चालवाव्या लागत होत्या, आणि एमिल गान्यां नावाच्या इंजिनिअरने त्यासाठी गॅसचा दाब सांभाळणारा एक व्हॉल्व्ह केला होता. नौदलातला अधिकारी झाक कुस्तो त्याच्याकडे गेला. १९४३ साली दोघांनी मिळून तोच व्हॉल्व्ह हवेच्या नळकांड्याला जोडला: श्वास घेतला की लागेल तेवढीच हवा येणार. सिनेमाची फिल्मही युद्धात मिळत नसे. कुस्तोने साध्या फोटोच्या कॅमेऱ्याचे रोल आणून, अंधारात पांघरुणाखाली बसून, एकाला एक जोडून फिल्म केली.

१९५६ मध्ये त्याचा आणि लुई मालचा ‘द सायलेंट वर्ल्ड’ आला. माल तेव्हा विशीतला पोरगा. कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक माहितीपटाला पहिल्यांदाच मिळालं, पाठोपाठ ऑस्करही. हातात पेटत्या मशाली घेतलेले पाणबुडे निळ्या काळोखात उतरतात, ते पहिलं दृश्य आजही थरारून सोडतं. पाण्यात थोडं खाली गेलं की तांबडा रंग सगळ्यात आधी विझतो. दिवा नेला तरच पोवळी लाल दिसतात. थिएटरात बसून समुद्राचे रंग पाहायची सवय जगाला लागली ती अशा चित्रपटांमुळे.

पण आज तो पूर्ण पाहणं अवघड जातं. कुस्तोच्या ‘कॅलिप्सो’ जहाजाच्या पंख्यात स्पर्म व्हेलचं पिल्लू सापडतं. जखमी पिल्लाला गोळी घालतात, रक्तावर शार्क जमतात, आणि खलाशी त्यांना डेकवर ओढून कुऱ्हाडी घालतात. कॅमेरा चालूच. एका प्रसंगात तर मासे मोजायला पोवळ्यांत सुरुंग उडवतात! पुढे समुद्ररक्षणाचा चेहरा झालेला माणूस हाच. त्या काळच्या प्रेक्षकांना त्यात वावगं काही वाटलं नाही, हे जास्त बोलकं आहे.

मग १९७५ चा ‘जॉज’. त्यातला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा. खरे शार्क ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर रॉन आणि व्हॅलरी टेलर या नवरा-बायकोने टिपले. खरे शार्क कथेतल्यापेक्षा बरेच लहान, म्हणून ते मोठे दिसावेत यासाठी पाणबुड्याचा पिंजरा छोटा केला आणि आत उतरणारा माणूसही बुटका शोधला. एक शार्क रिकाम्या पिंजऱ्याच्या दोरखंडात अडकून असा काही पिसाळला की ते दृश्य ठेवण्यासाठी कथाच बदलली, आणि मरायचा होता तो शास्त्रज्ञ वाचला. चित्रपटानंतर शार्कच्या शिकारीची हौस वाढली. टेलर दांपत्याने पुढचं आयुष्य शार्क वाचवण्यात घातलं. मूळ कादंबरीचा लेखक पीटर बेंचली यालाही पश्चात्ताप झाला.

‘जॉज’मध्ये शार्कला भाल्याने पिवळी पिंपं जोडतात, त्याने बुडी मारू नये म्हणून. गुजरातच्या किनाऱ्यावर हीच युक्ती खरोखर चालत होती. जगातला सगळ्यात मोठा मासा, निरुपद्रवी व्हेल शार्क, तिथे पिंपं अडकवून दमवला जाई. त्याचं नावच ‘बॅरल’ पडलं होतं. यकृताचं तेल होड्यांना चोपडायला, मांस परदेशी. माइक पांडे यांनी ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट २००० साली त्यावरच काढला. त्यातली अंगावर येणारी दृश्यं किनाऱ्यावरची आहेत, वाळूत चाललेल्या कापाकापीची. २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं. भारतात असं संरक्षण मिळालेला तो पहिला मासा.

महाराष्ट्रातही २०१८ च्या अखेरीपासून एक योजना आहे. जाळ्यात व्हेल शार्क किंवा कासव सापडलं आणि त्याला सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून चित्रण लागतं. तेव्हा होडीवर एक जण सुरीने जाळं कापतो आणि दुसरा मोबाइल धरून उभा राहतो, मासा चौकटीत येईल असा.