वसईतील कॅथलिक शाळा, बालकांचा धर्मसंस्कार आणि त्याची भाषा

वज्रगडाच्या पायथ्याशी वसलेले गिरीज व त्याच्या उत्तरेकडील गावे यांचा इतिहास सामान्यतः 1534 चा तह आणि चिमाजी अप्पांचा 1739 चा विजय या दोन घटनांच्या चौकटीत सांगितला जातो. तो राजकीय इतिहास झाला. परंतु या पट्ट्यातील ख्रिस्ती कुटुंबांत श्रद्धा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशी गेली, आणि विशेषतः ती कोणत्या भाषेतून गेली, हा प्रश्न तहांच्या कलमांतून सुटणारा नाही. त्यासाठी बालकांच्या धर्मशिक्षणाकडेच वळावे लागते.

मुलांना रविवारी धर्मतत्त्वे शिकवावीत, हा दंडक ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 साली घालून दिला. हिंदुस्थानात त्यापूर्वीच संत फ्रान्सिस झेवियर यांनी ही रीत पाडली होती. ते 1542 साली गोव्यात उतरले आणि घंटा वाजवीत रस्त्यांतून मुलांना गोळा करू लागले. पुढे दक्षिणेच्या मोतीकिनाऱ्यावर त्यांनी प्रार्थना तमिळमध्ये उतरवून घेतल्या आणि शिकलेल्या मुलांनी त्या घरी आईबापांना शिकवाव्यात, असा प्रघात घातला. मूल हे येथे केवळ शिष्य नाही, ते दूतही आहे.

भाषेच्या दृष्टीने खरा बोधप्रद ठरतो तो फादर थॉमस स्टीफन्स. त्याचे ख्रिस्तपुराण 1616 साली मराठी ओवीत छापले गेले. पण धर्मतत्त्वांची त्याची प्रश्नोत्तरी, जी त्याच्या मृत्यूनंतर 1622 साली प्रसिद्ध झाली, ती गोव्याच्या लोकबोलीत आहे. एकाच लेखकाने एकाच समाजासाठी दोन भाषारूपे योजली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पाठांतर घरच्या बोलीत आणि श्रवण प्रतिष्ठित काव्यभाषेत, अशी ही विभागणी होय. शब्दयोजनेतही असाच विवेक आहे. स्वर्गाला तो निःसंकोचपणे ‘वैकुंठ’ म्हणतो. पवित्र आत्म्याचे नाव मात्र परकीयच ठेवतो. परिचित शब्दाने मन जवळ येते, पण अर्थही जुनाच राहण्याचा धोका असतो, हे त्याने ओळखले असावे. (शांताराम बंडेलू यांनी 1956 साली या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा कोठे मराठीच्या अभ्यासकांस तो सुलभ झाला.)

वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांच्या विद्यालयाचे भग्नावशेष आजही उभे आहेत. 1739 नंतर युरोपीय धर्मगुरू निघून गेले आणि उपासनेची जबाबदारी देशी धर्मगुरूंवर आली. या काळात बालकांचा धर्मसंस्कार मुख्यतः घरातील वडीलधाऱ्यांच्या पाठांतरावर टिकला असावा, असे अनुमान करण्यास भाषेचाच आधार मिळतो. ‘पाद्री’, ‘मिस्सा’, ‘क्रूस’, ‘नाताळ’ हे पोर्तुगीज शब्द ग्रंथांवाचूनही टिकले, ते मुखपरंपरेमुळे. ‘स्नानसंस्कार’, ‘धर्मग्राम’, ‘दृढीकरण’ ही संस्कृतप्रचुर परिभाषा त्यांवर चढलेला नंतरचा थर होय. वसईचे मूल हे दोन्ही थर एकाच वेळी शिकते आणि त्यांतील सांधा त्याला जाणवतही नाही.

शाळेला या कार्यात मध्यवर्ती स्थान मिळण्यास विसाव्या शतकातील एक निर्णय विशेष कारणीभूत झाला. पोप दहावे पायस यांनी 1910 साली प्रथम ख्रिस्तप्रसादाचे वय विवेकबुद्धीच्या उदयाशी, म्हणजे सुमारे सातव्या वर्षाशी, आणून ठेवले. तोपर्यंत अनेक ठिकाणी मुलांना दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत थांबावे लागे. साहजिकच तयारी प्राथमिक वर्गांत आली. तरीही मिस्सा लॅटिनमध्येच असे. 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेस वाव दिला, तेव्हा वर्गातील प्रार्थना आणि वेदीवरील प्रार्थना वसईत प्रथमच एका भाषेत आल्या.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने या शिक्षणास निश्चित मर्यादा घातली. अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क तिसाव्या कलमाने दिला. परंतु शासनमान्य वा अनुदानित शाळेत विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे अठ्ठाविसावे कलम सांगते. त्यामुळे कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि इतरांना नीतिशिक्षण, अशी तासांची विभागणी अशा शाळांत रूढ झाली. ही व्यवस्था न्याय्य आहे, यात संशय नाही. तिने शाळेवरील भार मात्र हलका केला आणि घराचा वाढविला. 1965 च्या शिक्षणविषयक घोषणापत्रानेही आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक असल्याचे म्हटले आहे.

येथेच आजची अडचण उभी राहते. घरात सामवेदी अथवा वाडवळी बोली, चर्चमध्ये प्रमाण मराठी, आणि इंग्रजी माध्यमाच्या वाढत्या ओढ्यामुळे शाळेत इंग्रजी, अशी तीन भाषांची उतरंड मुलापुढे असते. स्टीफन्सच्या काळी दोन भाषारूपे होती. पण ती एकमेकींच्या शेजारची होती, बोलीतून काव्यभाषेकडे वाट जात होती. बोलीतून इंग्रजीकडे तशी वाट नाही. शाळेत इंग्रजीत पाठ केलेली प्रार्थना मूल आजीसमोर म्हणते, तेव्हा ती बरोबर आहे की चूक हे आजीला सांगता येत नाही. आणि आजीची जपमाळेची प्रार्थना मुलाच्या पुस्तकात नसते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला 2013 साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, म्हणजे प्रमाण मराठीत उत्तम धर्मवाङ्मय उपलब्ध आहे. ते वाचू शकणारी मुले गिरीजमध्ये किती राहतील, हे आता धर्मशिक्षणाच्या तासापेक्षा शाळेच्या माध्यमावर अधिक अवलंबून आहे.