दुखण्याची गोळी पोटाला का लागते?

लावणी-खुरपणीच्या दिवसांत पाठ आणि गुडघे धरतात, मग दुकानातून एखादी गोळी येते. ती घेतली की ठणका थांबतो, पण पोटात जळजळ सुरू होते. ‘गोळी गरम पडली’ असं आपण म्हणतो. हे गरम पडणं म्हणजे काय, ते कळायला डॉक्टरांनाही फार वर्षं लागली. आज ॲस्पिरिनची गोष्ट ऐकू.

1763 साली इंग्लंडमधल्या एडवर्ड स्टोन या पाद्र्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. विलो झाडाची साल वाळवून, कुटून त्यांनी सुमारे 50 तापकऱ्यांना दिली होती आणि बहुतेकांना गुण आला होता. आपल्या ओढ्याकाठचा वाळुंज याच झाडाच्या भावकीतला. पुढे अशाच द्रव्यापासून सॅलिसिलिक आम्ल आलं. सांधेदुखीला उतार पडे, पण पोटात आग होई. 1897 मध्ये जर्मनीतल्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी त्यात बदल केला आणि 1899 पासून ते ॲस्पिरिन या नावाने विकलं जाऊ लागलं. पोटाला सौम्य म्हणून त्याचा बोलबाला झाला. तो फारसा खरा नव्हता. 1938 मध्ये लंडनच्या दोन डॉक्टरांनी नळीतून जठरात डोकावून पाहिलं, तेव्हा ॲस्पिरिनने आतलं अस्तर लाल झालेलं दिसलं.

कारण सापडलं 1971 मध्ये, जॉन वेन यांना. त्यासाठी पुढे त्यांना नोबेलही मिळालं. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनतात. दुखऱ्या सांध्यात ती सूज आणि ठणका वाढवतात. जठरात मात्र तीच राखण करतात: आतला बुळबुळीत थर टिकवतात, म्हणून पोटातलं आम्ल पोटालाच जाळत नाही. गोळी रक्तातून सगळीकडे फिरते. गुडघा कुठला आणि जठर कुठलं, हे तिला कळत नाही. दोन्हीकडे ती या द्रव्यांचं बनणं रोखते. म्हणजे गुण आणि अपाय एकाच कामातून येतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचंही तसंच. जेवून गोळी घेतली तर जळजळ कमी होईल, पण धोका पुरता टळत नाही. इंजेक्शन घेतलं तरी औषध रक्तातूनच जठरापर्यंत पोचतं! शौचाला डांबरासारखं काळं झालं तर आतून रक्त जात असू शकतं. तेव्हा गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा.

मूत्रपिंडालाही हीच द्रव्यं लागतात. उन्हात घाम गाळून, पाणी न पिता रोज गोळी घेणं म्हणूनच वाईट.

ॲस्पिरिनने रक्तही लवकर गोठत नाही. त्यामुळे डेंग्यूची शंका असेल तर ते देत नाहीत. पण याच गुणामुळे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना डॉक्टर त्याची छोटी मात्रा रोज देतात. घरातल्या कुणाला ती चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.