एसीचा गॅस लीक : दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा?

मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा 45 अंशांपुढे जातो. नेमका तेव्हाच दहा वर्षांचा एसी नुसती हवा फेकू लागतो आणि मेकॅनिक सांगतो, ‘गॅस संपला, भरून देतो.’ पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही; तो बंद नळ्यांतच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणारच. (घरातल्या युनिटमधून पाणी ठिबकणे वेगळे, तिथे बहुधा ड्रेन पाइप तुंबलेला असतो.)

आधी नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचा फेस लावून गळतीची जागा शोधून घ्यावी. नळीच्या जोडावर असेल तर दुरुस्तीच करावी. कॉइल ठिकठिकाणी गंजली असेल तर नव्या कॉइलचा भाव विचारून मगच ठरवावे. दहा वर्षांच्या मशीनवर तो खर्च सहसा परवडत नाही.

युनिटच्या पट्टीवर आर-22 लिहिले असेल तर नवाच बरा. ओझोनला घातक असलेला हा गॅस मॉन्ट्रियल करारानुसार 2030 पर्यंत जवळपास बंद होतोय. त्या मशीनमध्ये आर-32 भरू देऊ नये. त्याचा दाब दीडपट असतो, शिवाय तो पेट घेऊ शकतो.

नव्याच्या लेबलवर स्टारसोबत वर्षही पाहावे. जुलै 2022 मध्ये निकष कडक झाले आणि आधीचा 5 स्टार 4 स्टार ठरला. वऱ्हाडातल्या कोरड्या उन्हात कूलर चांगला चालतो, तेव्हा ही चौकशी होईपर्यंत आठ दिवस निघतात.