संचालकाची पदच्युती

संचालकाची पदच्युती म्हणजे कंपनीच्या भागधारकांनी सर्वसाधारण सभेत ठराव करून एखाद्या संचालकास मुदत संपण्यापूर्वी पदावरून दूर करणे. भारतात हा अधिकार कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १६९ ने दिलेला आहे. १९५६ च्या अधिनियमात तो कलम २८४ मध्ये होता. संचालक मंडळ एखाद्या संचालकाचे अध्यक्षपद किंवा कार्यकारी पद काढून घेऊ शकते. त्याचे संचालकपद मात्र भागधारकांच्या ठरावानेच काढता येते.

कार्यपद्धती

पदच्युतीसाठी साधारण ठराव, म्हणजे झालेल्या मतदानात निम्म्याहून अधिक मते, पुरेसा असतो. ठरावाची विशेष सूचना सभेच्या किमान १४ दिवस आधी कंपनीकडे द्यावी लागते. ती देणाऱ्या सभासदांकडे किमान १ टक्का मताधिकार किंवा ५ लाख रुपये भरणा झालेले भाग असावे लागतात. कंपनीने सूचनेची प्रत संबंधित संचालकास त्वरित पाठवायची असते. त्याला लेखी निवेदन सभासदांपर्यंत पोहोचविण्याचा आणि सभेत प्रत्यक्ष बाजू मांडण्याचा हक्क आहे.

मतदानाचा हक्क असलेल्या वसूल भागभांडवलापैकी किमान एक दशांश भाग धारण करणारे सभासद यासाठी विशेष सर्वसाधारण सभेची मागणी करू शकतात. मंडळाने २१ दिवसांच्या आत पावले उचलून मागणीपासून ४५ दिवसांच्या आत सभा न घेतल्यास, मागणी करणारे सभासद तीन महिन्यांच्या आत स्वतः सभा बोलावू शकतात. पदच्युत संचालकाची मंडळाला पुन्हा नियुक्ती करता येत नाही. कराराप्रमाणे देय असलेल्या भरपाईवरील त्याचा हक्क मात्र कायम राहतो.

अपवाद

न्यायाधिकरणाने नेमलेल्या किंवा प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने निवडलेल्या संचालकास या पद्धतीने दूर करता येत नाही. दुसऱ्या मुदतीसाठी नेमलेल्या स्वतंत्र संचालकाबाबत विशेष ठराव, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते, आवश्यक असतात.

महत्त्वाची प्रकरणे

भारतीय आयुर्विमा महामंडळ विरुद्ध एस्कॉर्ट्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८५ मध्ये असा निर्णय दिला, की सभेची मागणी करणाऱ्या भागधारकांवर ठरावाची कारणे देण्याचे बंधन नाही.

मुंबईतील टाटा सन्सच्या मंडळाने २४ ऑक्टोबर २०१६ रोजी सायरस मिस्त्री यांना अध्यक्षपदावरून दूर केले. संचालकपद काढण्यासाठी मात्र ६ फेब्रुवारी २०१७ रोजी भागधारकांची विशेष सभा घ्यावी लागली. मिस्त्री यांच्या शापूरजी पालनजी समूहाकडे सुमारे १८ टक्के, तर टाटा न्यासांकडे सुमारे ६६ टक्के भाग होते. डिसेंबर २०१९ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने मिस्त्री यांच्या बाजूने निर्णय दिला. तो सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च २०२१ रोजी रद्द ठरविला.

झी एंटरटेन्मेंटमध्ये सुमारे १८ टक्के भाग असलेल्या इन्व्हेस्कोने सप्टेंबर २०२१ मध्ये पुनीत गोयंका यांना दूर करण्यासाठी सभेची मागणी केली. मंडळाने ती नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी सभेस मनाई केली, परंतु खंडपीठाने मार्च २०२२ मध्ये ती मनाई उठविली. त्यानंतर इन्व्हेस्कोने मागणी मागे घेतली. पुढे नोव्हेंबर २०२४ च्या वार्षिक सभेत गोयंका यांच्या संचालक म्हणून पुनर्नियुक्तीस आवश्यक बहुमत मिळाले नाही. अशा रीतीने पदच्युतीच्या ठरावाखेरीज, निवृत्त होणाऱ्या संचालकास पुन्हा निवडून न देणे हाही भागधारकांपुढील मार्ग ठरतो.

मर्यादा

कंपनीत मते भागांच्या प्रमाणात मोजली जातात. त्यामुळे बहुसंख्य भाग एकाच गटाकडे असल्यास, बहुसंख्येने असलेले लहान भागधारकही संचालकास दूर करू शकत नाहीत. तोच गट मात्र अल्पसंख्य गटाच्या संचालकास दूर करू शकतो. अन्यायाची तक्रार असल्यास अल्पसंख्य भागधारकांना कलम २४१ अन्वये न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

सहकारी संस्थांतील स्थिती

महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने व बँकांच्या समिती सदस्यांनाही संचालक म्हणतात. तेथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो आणि भाग कितीही असले तरी सभासदास एकच मत असते. अध्यक्ष, उपाध्यक्ष यांच्यावरील अविश्वास ठराव मात्र सर्वसाधारण सभेत नव्हे, तर व्यवस्थापन समितीच्या सभेत मांडला जातो.