कलीचे झाड

पाडव्याच्या दिवशी दुपारची जेवणे आटोपली, की आमच्या आजोळी माजघरात सोंगट्यांचा पट मांडला जाई. पैसा लावायचा नाही, करंजी लावायची, असा आजीचा दंडक होता. आणि हरलेल्या करंज्याही शेवटी ज्याच्या त्याच्या पानात परत येत. ह्या दिवसाला बलिप्रतिपदेबरोबर द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. शंकर-पार्वती फासे खेळत बसल्याचे शिल्प वेरूळच्या लेण्यांत एकाहून अधिक ठिकाणी कोरलेले आहे. देवादिकांना जो खेळ गोड वाटला, त्याच खेळाने महाभारतातल्या दोन सत्यवचनी राजांना अंगावरच्या वस्त्रानिशी रानात धाडले. एक युधिष्ठिर, दुसरा निषधांचा राजा नल.

ह्यांतल्या एकाची गोष्ट दुसऱ्याला ऐकवली आहे, हे आपण विसरतो. काम्यकवनात धर्मराज कष्टी होऊन बृहदश्व ऋषींना विचारतो, माझ्याहून दुर्दैवी राजा पृथ्वीवर कोणी झाला आहे का? ऋषी उत्तरादाखल नलाची कथा सांगतात. वरवर पाहता ते सांत्वन आहे. पण ऐकणाऱ्याने जरा डोळे उघडे ठेवले, तर तो आरसाही आहे.

रघुनाथ पंडितांच्या आख्यानातला राजहंस मराठी शाळांतून मुलांच्या कितीतरी पिढ्यांनी ऐकला. विदर्भाची राजकन्या दमयंती म्हणजे तर आपल्या घरचीच मुलगी. अमरावती जिल्ह्यातले वर्धेकाठचे कौंडिण्यपूर हेच तिचे कुंडिनपूर, असे परंपरा मानते. पण हंस आपल्याला स्वयंवराच्या मांडवापाशी सोडून उडून जातो, आणि खरी गोष्ट तर मांडव उठल्यावर सुरू होते.

दमयंतीने देवांना सोडून माणसाला वरले, म्हणून कली रागावला. नलाच्या देहात शिरायला फट सापडावी म्हणून तो बारा वर्षे वाट पाहत राहिला. अखेर एका सायंकाळी राजा पाय न धुताच संध्येला बसला आणि तेवढ्यात कलीने डाव साधला. इतकी क्षुल्लक चूक आणि एवढी शिक्षा, असे वाचताना वाटते. मात्र महाभारतकार मोठा सावध आहे. कथेच्या पहिल्याच परिचयात तो नलाला वेदवेत्ता, शूर, सत्यवादी म्हणतो आणि त्याच दमात ‘अक्षप्रिय’, फाशांचा शौकीन, असेही सांगून ठेवतो. कलीने घरात काही नवे आणले नाही. जे होते त्यालाच त्याने फुंकर घातली.

आणि हा कली तरी कोण? वेदकाळी आजच्यासारखे फासे नव्हते. बेहड्याची फळे मूठभर उचलून टाकीत आणि चारचारांनी मोजीत. बाकी उरली नाही तर ते कृत, तीन उरली तर त्रेता, दोन उरली तर द्वापर, आणि एकच उरले तर कली, असा ह्या खेळाचा उलगडा संशोधकांनी केला आहे. युगांची नावेही ह्याच दानांवरून पडली, असे त्यांतले बरेचजण मानतात. म्हणजे कली हे मुळात हरणाऱ्या दानाचे नाव! ऋग्वेदाच्या १० व्या मंडलातल्या ३४ व्या सूक्तात एक जुगारी आपले रडगाणे गातो. बायको जवळ करीत नाही, सासू तोंड पाहत नाही, आणि तरी फाशांचा आवाज ऐकला की पाय तिकडेच वळतात. नलाच्या कथेत हेच दान पुरुषाचे रूप घेऊन उभे राहिले आहे.

धाकटा भाऊ पुष्कर ह्याच्याशी खेळ महिनोन् महिने चालला. राज्य गेले, खजिना गेला. उरली दमयंती, तिला लाव, असे पुष्कराने सुचवले. नलाचे काळीज फाटले, पण तो बोलला नाही. अंगावरचे दागिने उतरवून एका वस्त्रानिशी बाहेर पडला. कली अंगात असूनही तेवढी एक गोष्ट त्याने केली नाही. युधिष्ठिराच्या अंगात कोणी शिरले नव्हते, आणि त्याने द्रौपदी पणाला लावली. बृहदश्वांनी हा प्रसंग सांगितला तेव्हा श्रोत्याची मान खाली गेली असेल का, हे व्यासांनी लिहिलेले नाही.

पुढे रानात सोनेरी पंखांचे पक्षी नलाचे ते वस्त्रही घेऊन उडतात आणि वरून ओरडून सांगतात की आम्ही तुझे फासेच आहोत. मग निजलेल्या दमयंतीचे अर्धे वस्त्र कापून तो तिला सोडून जातो. जातो, परत येतो, पुन्हा जातो. मन झोपाळ्यासारखे हेलकावत असते. कर्कोटक नाग त्याला पावले मोजायला लावतो आणि ‘दश’ म्हणताच दंश करतो. नल कुरूप होतो, आणि नागाचे विष आत बसलेल्या कलीला जाळू लागते. अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे बाहुक नावाने सारथ्य करणारा हा बेढब माणूस म्हणजे नलाचीच सावली होय.

सुटका होते ती मात्र युद्धाने होत नाही, मोजणीने होते. विदर्भाकडे रथ धावत असता वाटेत बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण सहज म्हणतो, ह्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २०९५ फळे आहेत. बाहुकाचा विश्वास बसत नाही. राजा उशिराने कासावीस झालेला, तरी हा हट्टाने रथ थांबवतो आणि फळे मोजून पाहतो. संख्या बरोबर निघते. इयान हॅकिंग ह्या तत्त्वज्ञाने १९७५ साली संभाव्यतेच्या कल्पनेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात ह्या प्रसंगाची आवर्जून नोंद घेतली आहे. फासे आणि अंदाजाने मोजणी ही दोन शास्त्रे इथे एकाच माणसाच्या तोंडी आहेत. ऋतुपर्ण अश्वविद्येच्या बदल्यात नलाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, देतो. ते कळताक्षणी कली विष ओकत बाहेर पडतो आणि हात जोडतो. नल शाप आवरतो. मग कली लपतो कुठे? त्याच बेहड्यात, ज्याची फळे म्हणजे फासे! अमरकोशात बेहड्याला ‘कलिद्रुम’ हेही नाव आहे. आपण मात्र त्याला हिरडा-आवळकाठीबरोबर त्रिफळाचूर्णात निमूटपणे घेतो.

पुढे नल एकाच डावात राज्य परत जिंकतो. आता दमयंती आपलीच, अशी बढाई मारणाऱ्या पुष्कराचे मस्तक उडवावे, असे त्याच्या मनात येऊन गेलेले असते. पण तो म्हणतो, ते तू केले नाहीस, कलीने केले. दुसऱ्याचा दोष मी तुझ्यावर घालणार नाही. भावाला त्याचा वाटा देऊन तो निरोप देतो.

कथा संपल्यावर बृहदश्व युधिष्ठिरालाही अक्षहृदय शिकवतात. अज्ञातवासात हाच धर्मराज विराटाच्या दरबारी कंक नावाचा द्यूतप्रवीण होऊन राहतो. ज्या व्यसनाने सर्व गेले, तेच त्याला वेष म्हणून पांघरावे लागते. एके दिवशी खेळता खेळता विराट रागावतो आणि हातातला फासा त्याच्या तोंडावर मारतो. नाकातून रक्त येते. ते जमिनीवर पडू नये म्हणून कंक ओंजळ धरतो आणि डोळ्यांनीच खूण करतो. सैरंध्री पाण्याने भरलेले सोन्याचे पात्र घेऊन पुढे येते, आणि ज्याने एकदा तिला फाशांवर लावले होते, त्याचे रक्त त्यात झेलते.