दारच्या वेलींचें कुळ

आमच्या पिंपळगांव बसवंतास वेल म्हटली कीं मनांत द्राक्षवेलच येते. निफाड तालुक्यांतील कित्येक घरांचा संसार तिजवर चालतो. पण द्राक्षाची बी कोणी पेरीत नाहीं. बियांतून उगवलेलें रोप मातृवेलीचे गुण राखील याची शाश्वती नसते, म्हणून काडी वा कलम लावतात. दारापुढील शोभेच्या वेलींचें तसें नाहीं. गोकर्णी, गणेशवेल यांचा वंश बियांनींच चालतो, आणि ती बी बहुधा शेजारणीच्या ओंजळींतून येते. या देवघेवीची नोंद कोणत्याहि दप्तरांत नाहीं. कुळ शोधावयाचें तर ग्रंथ उघडावे लागतात.

गणेशवेलच घ्या. दोऱ्यासारखीं पानें, लालभडक चांदणीसारखीं फुलें, आणि नांव साक्षात् गणपतीचें! कोणालाहि ती वेदकाळापासून येथलीच वाटावी. परंतु तिचें माहेर अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत आहे. डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानें मलबारांतील वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ रचविला. तो १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडॅम येथें छापला गेला. त्याच्या ११ व्या खंडांत हिचें चित्र आहे. म्हणजे कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर दोनशें वर्षांच्या आंत ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पोंचली होती. पोर्तुगीज गलबतांतून मिरची व अननस आले, त्याच वाटेनें हीहि आली असावी, असा माझा तर्क आहे.

कृष्णकमळाची कथा याहून मौजेची. दक्षिण अमेरिकेंत गेलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांना त्या फुलांत येशूचा कांट्यांचा मुकुट, पांच जखमा व तीन खिळे दिसले. तेंच फूल आपल्याकडे आलें, तेव्हां भोंवतालचे तंतु शंभर कौरव झाले, पांच पुंकेसर पांडव झाले, आणि वरचे तीन फांटे ब्रह्मा, विष्णु, महेश ठरले. तंतु मोजूं गेल्यास बरोबर शंभर भरतीलच असें नाहीं. भाविकानें मोजूं नयेत. शाळामास्तरास मात्र मोजल्यावांचून राहवत नाहीं.

गोकर्णीचें उलट झालें. संस्कृत वैद्यकांतील ही अपराजिता. पण १७५३ सालीं लिनीअसनें तिला जें शास्त्रीय नांव दिलें, त्यांत मोलुका द्वीपांतील तर्नाते बेट येऊन बसलें.

कांहीं मंडळींचा आग्रह असतो कीं, तुळशीच्या अंगणांत परदेशी वेल नको. मग मिरचीवांचून स्वयंपाकहि करावा लागेल! कुळ लपवूं नये, आणि वेल उपटूंहि नये, असें माझें मत आहे. मला भय वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. जुने वाडे पाडून इमारती उठत आहेत. अंगण गेलें कीं वेल जाते, आणि एका पावसाळ्यांत कोणी बी धरली नाहीं, तर त्या घरची गडद निळी गोकर्णी तेथेंच संपते.

बी धरणें अवघड नाहीं. शेंगा तपकिरी होतांच, तडकण्यापूर्वीं, खुडाव्या. गोकर्णीच्या बीचें कवच कठीण असतें; तें कानशीवर किंचित् घांसून बी रात्रभर पाण्यांत भिजवावी. गणेशवेल उपटून लावलेली सोसत नाहीं, म्हणून जागच्या जागींच पेरावी. आमच्याकडे हिंवाळा कडक. तेव्हां मृगाच्या सरी हाच पेरणीचा मुहूर्त. अंगण नसेल तर गच्चीवर हातभर खोल, तळाशीं भोंक असलेली कुंडी चालते, आणि चढावयास सुतळी.